साक्ष, संपादन आणि लोकप्रिय इतिहास : 'माझा प्रवास'च्या निमित्ताने

कल्याणच्या वाट्याला इतिहासाच्या दोन कथा आल्या आहेत. त्यांपैकी एक सर्वांच्या तोंडी आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर कल्याणच्या सुभेदाराची सून शिवाजी महाराजांपुढे आणली गेली आणि महाराजांनी तिची सन्मानाने पाठवणी केली, ही ती कथा. कीर्तनातून, चित्रांतून, शालेय गोष्टींतून आणि व्याख्यानमालांच्या व्यासपीठांवरून ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात आहे. तिला समकालीन साधनांचा आधार मिळत नाही, ती उत्तरकालीन लेखनातून पुढे आली, हे अभ्यासकांनी अनेकदा नोंदविले आहे. महाराजांच्या स्त्रीविषयक धोरणाला या कथेच्या टेकूची गरजही नाही. रांझ्याच्या पाटलाला दिलेल्या शिक्षेसारखा अस्सल पुरावा उपलब्ध आहे. तरीही लोकमानसाने उराशी धरली ती साक्षीदार नसलेली कथा. एवढेच नव्हे, तर वि. दा. सावरकरांनी 'भारतीय इतिहासातील सहा सोनेरी पाने' या ग्रंथात याच पाठवणीची गणना सद्गुणविकृतीत केली, आणि तिच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ शाई खर्ची पडली. जो प्रसंग कोणी पाहिल्याची नोंद नाही, त्याच्यावर नीतीचा एवढा मोठा खटला चालावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

दुसरी कथा प्रसंगाची नसून एका हस्तलिखिताची आहे. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकी करणारे गृहस्थ. घरात कर्ज झालेले. मथुरेस बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार असल्याचे कळल्यावर दक्षिणेच्या आशेने ते १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि महूच्या आसपास पोहोचतात तोच शिपायांच्या उठावाने त्यांना गाठले. पुढे उज्जैन, धार, ग्वाल्हेर करीत ते झाशीस गेले. सर ह्यू रोजने १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये झाशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा ते झाशीतच होते. शहरातली कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली, तीतून ते कसेबसे वाचले, वाटेत वारंवार लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड घेऊन वरसईस परतले. सुमारे पंचवीस वर्षांनी, १८८३ च्या सुमारास, कल्याणच्या चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही सारी हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ती संपादून १९०७ मध्ये 'माझा प्रवास' या नावाने प्रसिद्ध केली. तेव्हा गोडसे हयात नव्हते. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये काढली. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक गोडसे भटजींचे म्हणून जे वाचत होता, ते वैद्यांच्या हाताखालून गेलेले गोडसे होते. वैद्यांनी भाषेला वळण दिले होते आणि मजकुरात काटछाट व फेरफार केले होते.

या दोन संहितांतील पाठभेद हा पाठचिकित्सेचा विषय आहे आणि तो तिथेच थांबतो असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. एका माणसाने डोळ्यांनी पाहिलेले दुसऱ्याने वाचकांच्या सोयीसाठी दुरुस्त करावे की नाही, हा प्रश्न मुळात नैतिक आहे. आणि लोकप्रिय इतिहासलेखन जसजसे प्रत्यक्षदर्शींच्या निवेदनांवर अधिकाधिक उभे राहू लागले आहे, तसतसा तो टाळता न येण्याजोगा झाला आहे.

भारतीय ज्ञानमीमांसेत या प्रश्नाची मांडणी करण्याची साधने तयार आहेत. मराठी समीक्षेने ती फारशी वापरली नाहीत, एवढेच. न्यायदर्शनाने शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि ते आप्ताच्या सांगण्यावर उभे केले. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात आप्ताचे जे लक्षण दिले आहे, त्यात दोन अटी एकत्र गुंफलेल्या आहेत. आप्त म्हणजे ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे तो. आणि ज्याला ती जशी पाहिली तशी सांगण्याची इच्छा आहे तो. यातली पहिली अट ज्ञानाची आहे, दुसरी शीलाची. पाहणे पुरेसे नाही. पाहिले तसे सांगण्याची ओढ असावी लागते. वात्स्यायन पुढे असेही स्पष्ट करतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. प्रामाण्याच्या व्यवहारात कुळाला, विद्येला, संस्काराला जागा नाही, असे म्हणणारे हे वाक्य ज्या समाजात लिहिले गेले तो समाज लक्षात घेता त्याचे मोल अधिकच वाटते. झाशीत अडकलेला भिक्षुक ब्राह्मण आणि तलवाड्याच्या माळावर उभा असलेला निरक्षर वारली हे दोघेही या व्याख्येत सारख्याच अधिकाराने बसतात. या दुसऱ्या साक्षीदाराकडे पुढे वळायचे आहे.

'जशी पाहिली तशी' या शब्दांचा अर्थ मात्र वरवर दिसतो त्याहून कठीण आहे. पाहणाऱ्याला सगळे दिसत नाही. तो एका गल्लीत असतो, एका घराच्या आडोशाला असतो, भुकेलेला असतो, घाबरलेला असतो. त्याला दिसले नाही तेही त्याच्या पाहण्याचा भाग आहे. महाभारतातला संजय ही साक्षीदाराची आदर्श प्रतिमा मानली जाते. परंतु संजयाला व्यासांनी दिव्यदृष्टी दिली होती. दिवसाचे-रात्रीचे, उघड-गुप्त, इतकेच काय योद्ध्यांच्या मनातलेही त्याला कळत होते. असा साक्षीदार मानवी अर्थाने साक्षीदारच नव्हे. तो सर्वज्ञ निवेदक आहे. लोकप्रिय इतिहासकथनाची मोठी हौस हीच असते की प्रत्येक भटजीचा, प्रत्येक शिपायाचा, प्रत्येक बखरकाराचा संजय करावा. त्याच्या डोळ्यांवरची झापडे काढावीत, त्याच्या गल्लीची रणभूमी करावी, त्याला राजाच्या अंतःपुरातले आणि सेनापतीच्या तंबूतले संवाद ऐकू यावेत. वाचकाला हे आवडते. वाचकाची यात चूक नाही.

गोडसे भटजींच्या लेखनात मूळचेच दोन प्रदेश आहेत. एक पाहिलेल्याचा, दुसरा ऐकलेल्याचा. ऐकलेल्याच्या प्रदेशात उठावाची कारणे येतात: इंग्रजांनी धर्माविरुद्ध कलमे तयार केली, ती राजेरजवाड्यांपुढे मांडली, त्यांनी ती नाकारली, अशी सविस्तर हकीकत. ही त्यांना वाटेत भेटलेल्या शिपायांकडून कळली. तिच्यात दरबार आहे, वाद आहे, प्रतिज्ञा आहेत. थोडक्यात, तिला आख्यानाचा घाट आहे. घटना म्हणून ती इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. पण शिपाई आपसांत काय बोलत होते, त्यांना आपल्या बंडाचे कारण काय वाटत होते, याचा तो अव्वल पुरावा आहे. ऐकीव म्हणून ती टाकून देणारा इतिहासकार आणि रंगतदार म्हणून ती घटना समजून सांगणारा कथनकार, हे दोघेही एकच चूक दोन टोकांनी करतात. साक्ष कशाची आहे, हे दोघेही विचारीत नाहीत.

पाहिलेल्याच्या प्रदेशात निवेदनाचा पोतच बदलतो. तिथे वाक्ये जमिनीला चिकटून चालतात. स्नान कुठे केले, शिधा कोठून मिळाला, दक्षिणा किती मिळाली, कोणी किती लुटले. वेढ्यात रात्रीच्या आकाशातून येणारे तोफेचे गोळे. शहर पडल्यावर दिवसामागून दिवस चाललेली लूट, आधी सोनेनाणे, मग भांडीकुंडी, मग धान्य आणि कापडचोपड. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश. प्रेतांनी भरलेल्या गल्ल्या आणि त्यांतून वाट काढणारा, जानवे आणि जीव दोन्ही सांभाळू पाहणारा एक माणूस. इथे पराक्रमाचे वर्णन जवळपास नाही. लपण्याचे आहे. आणि गोडसे ते लपवीत नाहीत. वात्स्यायनाची दुसरी अट इथे पूर्ण होते. आपण घाबरलो, आपण पैशासाठी आलो होतो, आपल्याला पुण्याची आणि कर्जफेडीची सारखीच चिंता होती, हे सांगण्यात स्वतःच्या प्रतिमेला होणारे नुकसान त्यांनी सोसले आहे.

लोकप्रिय कथनाने मात्र या पुस्तकातून मुख्यतः एकच दृश्य उचलले: काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी झालेली राणी लक्ष्मीबाईंची भेट. धुळीने माखलेली, पुरुषी वेषातली राणी तहानेने व्याकूळ होऊन येते, भटजी पाणी काढून देऊ लागतात, ती त्यांना थांबवते आणि स्वतः पाणी काढून पिते. आपल्यासारख्या विधवेला या उद्योगाची गरज नव्हती, असे काहीसे खिन्नपणे बोलते. हे दृश्य विलक्षण आहे यात शंका नाही. परंतु ते विलक्षण का आहे? राणीमुळे, असे लोकप्रिय कथन समजते. वास्तविक ते विलक्षण आहे ते दोन थकलेल्या माणसांमुळे, ज्यांच्यातला धर्माचा व्यवहार सर्व काही उद्ध्वस्त झाल्यावरही शाबूत आहे: ब्राह्मणाकडून पाण्याची सेवा घ्यायची नाही. ते दृश्य भटजींच्या कर्जापासून, त्यांच्या लुटल्या गेलेल्या गाठोड्यापासून, त्यांच्या भीतीपासून तोडून काढले की चित्र उरते आणि साक्ष नाहीशी होते. याच पुस्तकात गंगाधररावांच्या स्त्रीवेषाविषयी झाशीत चाललेली बोलणी आहेत. त्यांना गौरवकथेत जागा नसते. ज्याच्या एका वाक्यावर विश्वास ठेवून राणीची मूर्ती उभी करायची, त्याच्याच पुढच्या वाक्याला बाष्कळ भिक्षुकी गप्पा म्हणायचे, हा व्यवहार सोयीचा आहे, प्रामाणिक नाही. भिक्षुक गप्पा मारीत असतील तर त्यांनी दोन्ही ठिकाणी मारल्या असतील. नसतील, तर दोन्ही ठिकाणी त्यांचे ऐकावे लागेल.

आता वैद्यांविषयी. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. १८६१ चा जन्म धरला तर गोडसे भटजींना लिहायला सांगणारा हा तरुण तेव्हा बावीस वर्षांचा होता. इंग्रजी शिकलेल्या त्या वयाच्या मुलाला एका वृद्धत्वाकडे झुकलेल्या भिक्षुकाच्या आठवणींचे मोल कळावे, हीच असामान्य गोष्ट होती. गोडसे आपल्या यजमानांच्या ओसरीवर या हकिकती सांगत राहिले असते आणि त्यांच्याबरोबर त्या गेल्या असत्या; वैद्यांनी त्यांना कागद मिळवून दिला. १९०७ हे साल तर सरकारी संशयाचे. उठावाला पन्नास वर्षे होत होती, वंगभंगाने वातावरण तापले होते, पुढच्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली मंडालेला पाठविण्यात आले. अशा वेळी 'बंडा'ची हकीकत छापणाऱ्याने हात आखडता घेतला असेल, तर त्याचा न्याय आजच्या निर्धास्तपणात बसून करू नये.

पण भीतीने केलेली काटछाट आणि अभिरुचीने केलेली दुरुस्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीची जबाबदारी काळावर टाकता येते. दुसरीची नाही. भटजींची भाषा ही त्यांच्या दृष्टीचाच भाग होती: लांब, सैल, एकात एक अडकलेली वाक्ये, वैदिकाचे संस्कृत आणि कोकणातल्या घरचे बोलणे यांची सरमिसळ. ती भाषा छापखान्याच्या प्रमाण मराठीकडे ओढली की पाहणारा माणूसच बदलतो. तो अधिक सुशिक्षित, अधिक निश्चित, अधिक देशभक्त वाटू लागतो. संपादकाने पदरचे काही घातले नाही तरीही हे घडते. आणि इथे एक विपर्यास दिसतो, ज्याची गंमतही वाटते आणि खंतही. हेच वैद्य महाभारताचे मोठे चिकित्सक. मूळ ग्रंथ व्यासांचा, त्यावर वैशंपायनाचा थर, त्यावर सौतीचा, असे तीन थर त्यांनी मोठ्या कष्टाने वेगळे करून दाखविले. ज्याने सौतीची भर इतक्या बारकाईने हुडकली, तो गोडसे भटजींच्या बाबतीत स्वतःच सौती झाला. पुढे याच वैद्यांनी पानिपतच्या पार्श्वभूमीवर 'दुर्दैवी रंगू' ही कादंबरी लिहिली. तिथे त्यांना कल्पनेचा पूर्ण अधिकार होता आणि तो त्यांनी उघडपणे घेतला. कादंबरीकाराचा तो अधिकार आणि संपादकाचे कर्तव्य यांच्यामधली भिंत त्या पिढीला आजच्याइतकी जाड वाटत नसावी.

तथापि वैद्यांच्या बाजूने एक गोष्ट उरते आणि ती निर्णायक आहे. त्यांनी मूळ हस्तलिखित नष्ट केले नाही, घरात कुजू दिले नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. म्हणजे आपल्या संपादनाविरुद्धचा पुरावा त्यांनी स्वतःच जपून पुढच्या पिढीच्या हाती दिला. पोतदारांचे १९६६ चे काम त्यामुळेच शक्य झाले. संपादकाच्या नैतिकतेची याहून नेमकी कसोटी सांगता येत नाही. तो बदल करील, चुका करील, काळाला भिईल. परंतु आपला हात कुठे फिरला हे तपासण्याची वाट तो खुली ठेवतो की नाही?

या कसोटीचे महत्त्व अलीकडच्या काळात अन्यत्रही दिसून आले आहे. २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांचे सारे लेखन शेकडो साक्षीदारांच्या बोलण्यातून रचलेले आहे. अफगाण युद्धावरील त्यांच्या पुस्तकात ज्यांचे बोलणे आले त्यांतल्या काहींनी, आपले शब्द विकृत केले असा आरोप करून १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मिन्स्कमध्ये त्यांच्यावर खटला गुदरला. सांगणाऱ्या आयांना आणि सैनिकांना आपले दुःख वीरमरणाच्या भाषेत हवे होते की लेखिकेने खरोखरच त्यांच्या शब्दांना नवा घाट दिला होता, या वादात दोन्ही बाजूंना काही ना काही तथ्य सापडते. लक्षात ठेवायचे ते एवढेच की तिथे साक्षीदार जिवंत होते, आणि आपले शब्द परत मागण्यासाठी न्यायालयात जाऊ शकत होते. गोडसे भटजींना ती सोय नव्हती. ज्यांना लिहिताही येत नाही, त्यांना तर कधीच नसते.

आणि इथे ठाणे जिल्ह्याचाच दुसरा मोठा दाखला समोर येतो. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तिथपर्यंत पोहोचलेल्या थोड्या आदिवासींच्या तोंडून उंबरगाव-डहाणूकडच्या वेठीची आणि लग्नगडी पद्धतीची हकीकत कार्यकर्त्यांच्या कानी आली. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या दारी आयुष्य काढायचे, ही ती पद्धत. त्यानंतर गोदावरी परुळेकर त्या भागात गेल्या आणि वारल्यांचा लढा उभा राहिला. पंचवीस वर्षांनी, १९७० मध्ये, त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आले. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पंचवीस वर्षांचे हे अंतर गोडसे भटजींच्याही बाबतीत होते, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. परंतु साक्ष शब्दांत यायला कदाचित एवढा काळ लागतच असावा.

वेठीची वस्तुस्थिती कागदावर आधीच आली होती. मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीवर १९३९ मध्ये अहवाल दिला होता आणि जमीनदारांच्या जुलमाविषयी त्यात काही हातचे राखलेले नव्हते. तो अहवाल वाचून कोणी जागे झाले नाही. अहवालात माहिती असते. साक्षीत सांगणारा असतो, आणि ऐकणाऱ्याला त्याच्या नजरेला नजर द्यावी लागते. परुळेकरांच्या पुस्तकाचे बळ याच ठिकाणी आहे. त्या स्वतः पाहणाऱ्या आहेत, चालणाऱ्या आहेत, झोपडीत राहणाऱ्या आहेत, आणि आपल्या मध्यमवर्गीय सवयींची अडचणही त्यांनी मोकळेपणाने नोंदवली आहे.

पण लढ्यातला सर्वांत मोठा प्रसंग त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेला नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे बाई येणार आहेत अशी खोटी आवई उठवून हजारो वारल्यांना गोळा करण्यात आले आणि जमावावर गोळीबार झाला; त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. लोक पांगेनात, कारण बाई यायच्या होत्या. ज्यांच्या नावावर हे घडले, त्या तिथे नव्हत्या. ज्यांनी पाहिले, ते लिहीत नव्हते. पुस्तकातली हकीकत इतरांच्या सांगण्यावर उभी आहे, आणि ती सांगणारी माणसे वारली बोलीत सांगत होती, तर पुस्तक प्रमाण मराठीत आहे. गोडसे-वैद्य यांच्यामध्ये जे अंतर होते, ते इथे कितीतरी पटींनी वाढलेले आहे. रणजित गुहा यांच्या १९८३ च्या निबंधाने आणि गायत्री स्पिव्हाक यांच्या १९८८ च्या सुप्रसिद्ध प्रश्नाने या अंतराकडे जगाचे लक्ष वेधले. मराठीत तो प्रश्न एवढ्या सैद्धान्तिक थाटात विचारला गेला नसेल, पण तलवाड्याच्या माळावर तो अगदी उघडा पडलेला आहे.

परुळेकरांनी वारल्यांचे शब्द हिरावले, असे इथे म्हणायचे नाही. तसे म्हणणे हा विद्यापीठीय उद्धटपणा ठरेल. त्यांनी लिहिले नसते, तर त्या पाचांची आठवण पोलिसी कागदांत 'जमाव' या शब्दाखाली गाडली गेली असती. प्रश्न त्यांच्यानंतरच्यांचा आहे. वैद्यांनी मूळ हस्तलिखित मागे ठेवले. वारल्यांच्या बाबतीत मागे ठेवण्यासारखे हस्तलिखितच नव्हते, मूळ संहिता माणसांच्या स्मरणात होती. ती त्यांच्या बोलीत, त्यांच्या अडखळण्यासह, विस्मरणासह, विसंगतीसह टिपून ठेवण्याचे काम १९७० नंतरही करता आले असते. तेव्हा ते लढवय्ये पन्नाशी-साठीत होते. चौरीचौऱ्याच्या बाबतीत शाहिद अमीन यांनी घटनेनंतर साठ-पासष्ट वर्षांनी गावात जाऊन स्थानिक स्मृती गोळा केली आणि १९९५ च्या ग्रंथात ती सरकारी कागदांशेजारी, दोहोंतला तिढा न सोडविता, ठेवली. ठाणे जिल्ह्यात, मुंबईपासून रेल्वेने काही तासांवर, मराठी विभागांना हे जमले नाही. मराठीच्या अभ्यासकांना लिखित संहितेची सवय झाली आहे, आणि न लिहिलेली संहिता ही संहिताच नव्हे असे त्यांना मनोमन वाटत असते. कारण बहुधा एवढेच साधे आहे.

आणखी जवळचे उदाहरण उल्हासनगरचे. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसविण्यात आले. १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. कल्याण आणि डोंबिवलीतली मराठी माणसे तिथल्या बाजारातून कापड आणीत आली, फर्निचर आणीत आली. फाळणीचे हजारो प्रत्यक्षदर्शी एका स्टेशनावर राहत होते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. इतिहासाच्या पुस्तकांना, व्याख्यानांना, महानाट्यांना या पट्ट्याइतका रसिक वाचक-श्रोता महाराष्ट्रात क्वचितच असेल. त्याच पट्ट्यात शेजारच्या घरातली साक्ष मात्र मराठीत फारशी उतरली नाही. उर्वशी बुटालिया यांनी फाळणीच्या मौखिक स्मृतींवरचा आपला ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध केला, तो प्रामुख्याने पंजाबचा. सिंधी कुटुंबांतली ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. इथे कुणी साक्षीदाराचे शब्द बदलले नाहीत. विचारलेच नाहीत. बावीस वर्षांच्या वैद्यांनी एका भिक्षुकाला जे विचारले होते, तेवढेही नाही.

प्रिमो लेव्ही यांनी आपल्या अखेरच्या निबंधांत एक अवघड विचार मांडला आहे: छळछावणीचे खरे साक्षीदार जे बुडाले ते, वाचलेले लोक त्यांच्या वतीने बोलतात, आणि आपण वाचलो याच कारणाने आपली साक्ष अपुरी आहे हे त्यांनी जाणले पाहिजे. झाशीच्या गल्ल्यांत जे पडले, त्यांच्याविषयी गोडसे भटजींना असे काही वाटले होते का, हे त्यांच्या लेखनातून थेट कळत नाही. ते पापपुण्याच्या भाषेत विचार करतात, अपराधभावनेच्या नव्हे. पण त्यांच्या निवेदनात एक गोष्ट सतत जाणवते. आपण या घटनांचे नायक नाही, आपण त्यांत चुकून सापडलो, हे भान त्यांना कुठेही सुटत नाही. त्यांच्या लेखी ही १८५७ ची कथा नव्हतीच. घरचे कर्ज फेडायला निघालेल्या माणसाची ती यात्रा होती. वाटेत राज्ये बुडाली, राणी भेटली, शहर जळले, आणि मिळविलेले द्रव्य बहुतेक लुटारूंच्या हाती गेले. वरसईस परतताना त्यांच्या खांद्यावर कावड होती, आणि त्या गंगाजलाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.